वरात, विधी, भाषण

“हात खाली,” मी म्हणालो.

कॅमेऱ्यात तारळेकरकाका छातीपर्यंत दिसत होते आणि त्यांचे हात सारखे चौकटीबाहेर पळत होते. कधी डोक्याच्या वर, कधी दोन्ही बाजूंना. लग्नाच्या शूटिंगला नवरदेवाच्या मामाला मी असंच दटावायचो, त्यामुळे तोंडातून सहज निघून गेलं. काका जन्मापासून बहिरे. त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं, पण त्यांनी माझ्या ओठांवरून ते नेमकं वाचलं आणि खुर्चीत मागे रेलून खांदे हलवत हसायला लागले.

शेजारी त्यांची मुलगी वैजयंती उभी होती. आईवडील दोघंही मूकबधिर, घरात ही एकटी ऐकणारी-बोलणारी. याच शाळेत ती शिक्षिका होती आणि त्या दिवशी वडिलांच्या खुणा मला शब्दांत सांगायचं काम तिच्याकडे होतं.

“का हसतायत?” मी विचारलं.

“हे दोन शब्द त्यांना पाठ आहेत,” ती म्हणाली. “बाबा या वर्गात शिकत होते तेव्हा मास्तर दिवसभर हेच म्हणायचे. हात खाली. खुणा करायच्या नाहीत, तोंडानं बोलायचं. हात वर गेला की बोटांवर पट्टी.”

मी कॅमेरा चार पावलं मागे नेला.

गोष्ट २००७ सालची, फेब्रुवारीतली. कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावी मूकबधिर मुलांची शाळा होती आणि तिला साठ वर्षं होत होती. माझा बाजारपेठेत स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, सत्कार, पुढाऱ्यांचे वाढदिवस. भरतेश शिरगुप्पेशिवाय आसपासच्या बारा गावांत अंतरपाट खाली येत नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचो. मुख्याध्यापक घोरपडे सरांनी मला बोलावलं ते काकांसाठी.

शाळेच्या पहिल्या तुकडीत एकेचाळीस मुलं होती. वर्गात खुणा करायला बंदी, म्हणून त्यांनी वसतिगृहात, नळावर, कंदिलाच्या उजेडात स्वतःची एक खुणांची भाषा तयार केली. त्यात प्रत्येकाला एक नाव होतं. कागदावरचं नव्हे, हातांचं. पुढच्या तुकड्यांना शहरातल्या खुणा आल्या आणि ही जुनी भाषा मागे पडली. एकेचाळीसातले बरेचसे गेले होते, उरलेले कुठे कुठे पांगले होते. सगळी नावं आणि त्यांच्या गोष्टी आता एका माणसाला येत होत्या, मुकुंद तारळेकर, वय एकाहत्तर.

काका मुलांची यादी लिहून घेऊन आले होते. अक्षर छापल्यासारखं. जन्मभर त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले होते. शिशाची बारीक अक्षरं चिमटीनं उचलून ओळ लावायची, तीही उलटी. त्यांची स्वतःची खूणही तीच. उजव्या हाताच्या चिमटीत खिळा धरायचा आणि डाव्या तळव्यावर ठेवायचा.

दोन दिवस, रोज दोन तास, काका बोलत होते. ‘बोलत होते’ हे मी चुकून लिहिलेलं नाही. भिकबाळीवाल्या मुलाचं नाव कानाच्या पाळीला चिमटा. रोज संध्याकाळी आईसाठी रडणाऱ्याचं नाव डोळ्याखालून ओढलेलं एक बोट. विहिरीत पडून वर आलेल्याचं नाव तर इतकं भराभर होतं, की मला ते पुन्हा करून दाखवा म्हणावं लागलं. बोटं अशी फिरायची की पाहत राहावं.

एका मुलाशी काका थांबले. यादीतलं त्याचं नाव त्यांनी बोटानं दाखवलं आणि संथपणे काही सांगितलं.

“हा दुसऱ्या वर्षीच काविळीनं गेला,” वैजयंती म्हणाली. “बाबा म्हणतायत, त्याचा फोटो नाही, घरचं कुणी उरलं नाही. तो आता एवढाच आहे.”

आणि काकांनी दोन्ही हातांनी त्याची खूण केली.

दुसऱ्या दिवशी चौथी टेप संपली तेव्हा काकांनी मला जवळ बोलावलं. त्यांचे प्रश्न वैजयंती सांगत होती आणि माझी उत्तरं त्यांना हातांनी पोचवत होती.

“हे कुठे ठेवणार?”

“कॉम्प्युटरवर. मग सीडीवर.”

“किती वर्षं टिकणार?”

“शंभर वर्षं काका. काळजीच नको.”

काकांनी भुवई वर केली. मग विचारलं, “प्रूफ कधी दाखवणार?”

“प्रूफ?”

“छापखान्यातली सवय,” वैजयंती हसून म्हणाली. “प्रूफ बघितल्याशिवाय यांनी आयुष्यात एक पान मशीनवर चढू दिलं नाही. जे खिळे जुळवले ते कागदावर नीट उमटलेत का, ते बघायचं आणि मगच पुढे.”

“दाखवतो की. आठवडाभरात.”

काका खूश झाले. निघताना त्यांनी एक डोळा मिटून त्यावर बोट ठेवलं, मग तेच बोट माझ्या छातीला लावलं.

“तुम्हाला नाव दिलं,” वैजयंती म्हणाली. “एक डोळा मिटून बघणारा.”

मला फार भारी वाटलं. घरी जाऊन बायकोला करून दाखवलं.

आता माझ्या कामाची पद्धत सांगतो, कारण जे झालं ते त्या पद्धतीतूनच झालं.

टेपवरचं चित्रण कॉम्प्युटरवर उतरवलं की तासाला तेरा जीबी जागा खायचं. माझी डिस्क ऐंशीची आणि लग्नसराई तोंडावर. त्यामुळे उतरवलेलं लगेच दाबून लहान करायचं. दाबणं म्हणजे काय? कॉम्प्युटर प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. आधीच्या चित्रातलं जे जागचं हललेलं नाही ते तसंच ठेवतो, हललं तेवढंच नव्यानं लिहितो. त्याला जागा भरपूर दिली तर तो नीट लिहितो, कमी दिली तर हलणाऱ्या गोष्टींचा भुगा करतो. किती जागा द्यायची ते आपण ठरवायचं.

दरवेळी डोकं कोण चालवणार, म्हणून मी तीन दर कायमचे ठरवून ठेवले होते आणि त्यांना नावं दिली होती. वरात, विधी आणि भाषण. वरातीत सगळे नाचतात, तिला सगळ्यात जास्त जागा. विधीला मध्यम. आणि भाषण? माणूस माईकसमोर उभा, मागे पडदा, हलतात फक्त ओठ. चित्राला अगदी कमी जागा दिली तरी चालतं. आवाज मात्र एक नंबर पाहिजे, कारण भाषणात महत्त्वाचा तो आवाजच. वाचलेली सगळी जागा आवाजाला.

घोरपडे सरांचा फोन आला. “शिरगुप्पे, आपल्या शाळेच्या कॉम्प्युटरला सीडीच चालती बघा. चारी तास एका सीडीत बसवता आलं तर बरं हुईल. म्हंजे समद्यांना एकेक देता येईल.”

“बसवतो सर.”

चार डीव्हीडी केल्या असत्या तर सगळं धड राहिलं असतं. शाळेला ती सीडी देऊन मूळ टेप नुसत्या कपाटात ठेवल्या असत्या तरी भागलं असतं. पण मी खुर्चीत बसलो, समोर बघितलं. एक म्हातारा माणूस खुर्चीत बसलाय, मागे फळा. मी ‘भाषण’ निवडलं आणि जेवायला घरी गेलो.

परत येऊन तपासलंही. तपासायची माझी रीत ठरलेली. सुरुवात लावायची, हेडफोन घालायचा. घोरपडे सर काकांची ओळख करून देत होते, काका गुडघ्यांवर हात ठेवून शहाण्या मुलासारखे बसले होते. चित्र छान, आवाज तर फारच छान. छताच्या पंख्याची कुरकुरसुद्धा ऐकू येत होती. मी हेडफोन काढला, कॉम्प्युटरवरचं मोठं चित्रण पुसलं आणि चारी टेप पुन्हा वापरायच्या डब्यात टाकल्या. सराईत नव्या टेप मिळायच्या नाहीत, आम्ही सगळेच एक टेप तीन-चारदा वापरायचो. पुढच्याच आठवड्यात त्या चार टेपांवर एक वरात चढली. हलगी, घोडा, फटाके. ती मात्र मी सगळ्यात चांगल्या दरानं दाबली.

प्रूफ दाखवायचं राहून गेलं, शाळेला सीड्या द्यायच्याही. काकांनी दोनदा वैजयंतीकडून निरोप पाठवला. दोन्ही वेळा मी म्हणालो, सराई संपू द्या.

सराई संपायच्या आत काका गेले. सकाळी अंघोळ करून बाहेर आले, छातीवर हात ठेवला आणि दारातच बसले. एवढंच.

महिन्याभरानं एका दुपारी वैजयंती आईला घेऊन स्टुडिओत आली. कुमुदकाकू म्हणजे ठेंगणी, गोरी, ताठ मानेची बाई. आल्या आल्या त्यांनी एक डोळा मिटून बोट ठेवलं. काकांनी मला दिलेलं नाव घरापर्यंत पोचलं होतं.

“आईला बाबांना बघायचंय,” वैजयंती म्हणाली. “बोलताना.”

मी खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला, सीडी घातली. गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले काका दिसले. काकूंनी पदर तोंडाला लावला. घोरपडे सरांचं बोलणं संपलं आणि काकांनी हात उचलले.

हात नव्हतेच तिथे. मनगटाच्या पुढे धुरकट चौकोन होते, एकमेकांत मिसळणारे, जिथे बोटं जायची तिथे मागे ओघळ राहायचा. काकांचा चेहरा ओळखू येत होता. सदऱ्याच्या खिशातलं पेन दिसत होतं. फळा तर लख्ख. फक्त हातांचा भुगा झाला होता. आणि स्पीकरमधून पंख्याची कुरकुर, बाहेरची चिमणी, काकांच्या बांगडीसारख्या सैल घड्याळाची खुळखुळ, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. ऐकायला त्या बाईला कान नव्हते.

मला तेव्हाच सगळं कळलं. मी पुढे ढकललं, दुसरा तास लावला, तिसरा लावला. सगळीकडे तेच.

काकू उठल्या आणि पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. त्या चौकोनांवर त्यांनी बोट ठेवलं, मग वळून मुलीला काही विचारलं.

“आई विचारतेय, हात असे का दिसतात?”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्याकडून चूक झाली. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “काकांचे हात थरथरत होते त्या दिवशी.”

वैजयंती माझ्याकडे बघत राहिली. “थरथरत? मी शेजारीच उभी होते की.”

“साध्या डोळ्यांना दिसत नाही. बारीक थरथर असते. वयानं होते. कॅमेरा पकडतो ती.”

“फळ्यावरची तारीख तर स्वच्छ दिसतेय.”

“तारीख हलत नाही ना.”

“मूळ टेपवर?”

“टेपवरही असंच आहे.”

तिला माझ्या धंद्यातलं काही कळत नव्हतं आणि मी बारा गावांतला जाणकार. तिनं आईकडे वळून हातांनी सांगितलं. दोन्ही तळवे समोर धरून ते हलवले, बारीक, भराभर. काकूंनी जोरात मान हलवली. चिमटीत खिळा, तळव्यावर खिळा, पुन्हा खिळा.

“ती म्हणतेय, जायच्या आदल्या दिवशी बाबांनी सुईत दोरा ओवून दिला होता.”

मी खाली बघितलं. “असेल. पण यंत्र खोटं बोलत नाही.”

वैजयंतीनं तेही सांगितलं. काकूंचे हात हवेत थांबले. मग त्यांनी अगदी लहानसं काही केलं, पोटाजवळच, कुणाला दिसू नये असं. वैजयंतीचा चेहरा उतरला.

“काय म्हणाल्या?”

“काही नाही,” ती म्हणाली. “सीडी द्या.”

त्या गेल्यावर मी शटर अर्धं ओढून बसून राहिलो. आठ दिवसांत जाऊन खरं सांगायचं ठरवलं. मग पुढच्या महिन्यात. मग वाटायला लागलं, त्या विसरल्या असतील. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो, आणि मी तर चांगलंच पटवलं. वैजयंती रस्त्यात दिसली की मी दुसऱ्या दुकानात शिरायचो.

सोळा वर्षं गेली. टेप गेल्या, सीड्या गेल्या, माझे केस गेले. मागच्या वर्षी दिवाळीनंतर वैजयंती दुकानात आली. तिचेही केस पांढरे झाले होते. तिनं पिशवीतून ती सीडी काढून काउंटरवर ठेवली. इतकी घासलेली की मागून प्रकाश दिसत होता.

“चालत नाही आता. पेनड्राइव्हवर घेता येईल का बघा. आईचं अडतं.”

“अजून बघतात?”

“रोज. दुपारी जेवण झालं की लावते.” ती थोडी थांबली. “बाबांना बघत नाही ती. त्यांचे हात बघते. थरथर कुठे सुरू झाली ते शोधते.”

मी सीडी उगाच फडक्यानं पुसायला लागलो.

“त्या दिवशी इथे ती काय म्हणाली होती माहितीये?” वैजयंती सीडीकडे बघत बोलत होती. “म्हणाली, चाळीस वर्षं मी या हातांकडेच बघत होते. यंत्राला दिसलं, मला नाही दिसलं. दिसलं असतं तर डॉक्टरकडे नेलं असतं. किती वेळा सांगितलं तिला, हार्टचा आणि हात थरथरण्याचा काही संबंध नाही. डॉक्टरांकडूनही लिहून आणून दाखवलं. ऐकत नाही. आता घरात कुणीही आलं की आधी हात पुढे करायला लावते. जावई असो, गॅसवाला असो. नीट बघते आणि मगच बसा म्हणते.”

मला तिथेच सांगता आलं असतं. मी एवढंच म्हणालो, “उद्या दुपारी घरी येतो. काकूंना भेटायचंय.”

दुसऱ्या दिवशी गेलो. काकू पलंगावर बसल्या होत्या, खूप बारीक झालेल्या. ब्याऐंशी वर्षांच्या. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि त्यांनी लगेच ओळखलं. एक डोळा मिटून त्यावर बोट ठेवलं. मग दोन्ही तळवे माझ्यापुढे उघडले.

“हात बघायचेत,” वैजयंती म्हणाली. “करा पुढे.”

मी हात पुढे केले. ते थरथरत होते. काकूंनी ते धरून पाहिले, पालथे केले, पुन्हा पाहिले, आणि काळजीनं मुलीला काही सांगितलं.

“शुगर तपासून घ्या म्हणतेय.”

“वैजयंती,” मी म्हणालो, “काकांचे हात थरथरत नव्हते.”

ती तिथेच उभी राहिली. मी सगळं सांगितलं. भाषणाचा दर, हेडफोन, डब्यात टाकलेल्या टेप, त्यांच्यावर चढलेली वरात. सांगताना ते फार लवकर संपलं. काकू एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

“सांगा ना काकूंना,” मी म्हणालो.

“नाही.” तिचा आवाज चिरका झाला होता. “तुमचं खोटं तिला मी सांगितलं, शिरगुप्पे. माझ्या या हातांनी. आता खरं तुम्ही सांगा, तुमच्या हातांनी.”

“मला येत नाही.”

“येईल तेवढं सांगा.”

मी पलंगासमोर जमिनीवर बसलो. काकूंची नजर माझ्या हातांवर. मी चिमटीत खिळा धरला आणि डाव्या तळव्यावर ठेवला. काका. मग दोन्ही तळवे धरून हलवले, आणि मान हलवली. नाही. काकूंना कळलं नाही. पुन्हा केलं. खिळा, थरथर, नाही. एक डोळा मिटून बोट ठेवलं, म्हणजे मी. तोंडावर हात ठेवून तो लांब फेकला. खोटं कसं म्हणतात ते मला माहीत नव्हतं. वैजयंती भिंतीला टेकून उभी होती आणि मदत करत नव्हती. तिसऱ्यांदा करताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हात इतके हलत होते, की ‘थरथर’ वेगळी करून दाखवायची गरजच नव्हती.

काकूंनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना कळलं होतं.

त्यांनी एकच विचारलं, बोटं गोल फिरवून. टेप फिरते तशी.

मी मान हलवली. नाही.

काकूंनी बोटं मिटली. मग पलंगाची कड धरून उठल्या, भिंतीवरच्या काकांच्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. भराभर, दोन्ही हातांनी, मला पाठमोऱ्या. वैजयंती पुढे झाली आणि रडायला लागली.

“काय म्हणतायत?”

“तुम्हाला नाही म्हणत.” तिनं डोळे पुसले. “बाबांना सांगतेय. मी नीट बघत होते म्हणून. माझ्या नजरेतून काही सुटलं नव्हतं म्हणून.”

थोड्या वेळानं काकू परत येऊन बसल्या. मला वाटलं, जा म्हणतील. त्यांनी मुलीला चहाची खूण केली. वैजयंतीनं चहा आणून माझ्यापुढे ठेवला. मी कप उचलायला गेलो तर बशी वाजायला लागली, चहा सांडला, म्हणून मी तो तसाच खाली ठेवला आणि हात मांडीखाली घेतले.

काकूंनी बोटानं खूण केली. वर. हात वर.

मी ते काढून मांडीवर ठेवले आणि त्या बघत राहिल्या. त्यांना आता कुणी सांगायची गरज नव्हती, थरथरणारे हात कसे दिसतात ते.